व्हॅलेंटाइनची संध्याकाळ घरच्या घरी: नागपूरकर जोडप्यांसाठी बाजारापासून गच्चीपर्यंतची तयारी

१४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी फुटाळ्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि धरमपेठेतल्या हॉटेलांबाहेर नंबर लावून उभं राहावं लागतं. मग बरीच जोडपी ठरवतात, यंदा घरीच करू. कल्पना चांगलीच आहे. मात्र बहुतेक घरांत त्याचा अर्थ असा होतो की ती दुपारपासून स्वयंपाकघरात, तो साडेआठला ताटावर, आणि रात्री साडेदहाला ती ओटा पुसतेय. अशा संध्याकाळीचा तिला आनंद काय वाटणार? म्हणून इथे जे सांगतेय त्यात दोन गोष्टी पक्क्या धरल्या आहेत. प्रत्येक काम दोघांत वाटलेलं असेल, आणि वेळखाऊ काम आदल्या रात्रीच संपलेलं असेल. १४ तारखेला संध्याकाळी दोघांनाही बसता आलं पाहिजे.

घरात आणखी माणसं असतील तर

ही गोष्ट सगळ्यात आधी, कारण बेत इथेच फसतात. सासू-सासरे सोबत राहत असतील तर लपवाछपवी करू नका. मुलाने स्वतः सांगावं, "आई, परवा रात्रीचा स्वयंपाक आम्ही दोघं करतो. तुमचं जेवण साडेसातला वाढतो, आम्ही नंतर जेवू." हे सुनेने विचारण्यापेक्षा मुलाने सांगितलेलं बरं. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही, तोच रस्सा थोडा कमी तिखटाचा बाजूला काढून ठेवायचा. जेवताना त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा, बासुंदीची पहिली वाटी त्यांना द्या. मग नऊनंतर गच्चीवर गेलात तर कोणाच्या मनात काही राहत नाही.

मुलं लहान असतील तर त्यांना दुपारच्या तयारीत घ्या. फुलं निवडायला, चिठ्ठ्या कापायला त्यांना मजा येते, आणि दुपारभर दमलेली मुलं रात्री लवकर झोपतात. आजी-आजोबांचं घर गावातच असेल, म्हणजे तुम्ही मनीषनगरात आणि ते नंदनवनात, तर एका रात्रीसाठी मुलांना तिकडे पाठवायला काहीच हरकत नाही. घरात बारावीचा विद्यार्थी असेल तर मात्र गाणी आणि आवाज गच्चीपुरतेच ठेवा. बोर्डाची परीक्षा याच महिन्यात येते.

मिहानमधल्या कंपनीत दोघांपैकी कोणाची रात्रपाळी असेल तर तारखेचा हट्ट सोडा आणि जवळचा रविवार धरा. फुलंही तेव्हा स्वस्त मिळतात.

वाटणी कागदावर लिहा

तोंडी ठरलेली वाटणी टिकत नाही. एक कागद घ्या, दोन रकाने करा, आणि पुढची कामं समोर ठेवून एकेक उचला: फुलं आणि संत्री आणणं, किराणा, दूध आटवणं, मसाला भाजणं, वाटण, पाटोड्या (बेसनाच्या वड्या), भाकरी किंवा भात, खोली आवरणं, गच्चीची चावी, भांडी. ज्याला जे येतं तेच त्याच्याकडे द्यायचं असं नाही. कांदा आणि खोबरं भाजायला कौशल्य लागत नाही, लक्ष लागतं, आणि ते कोणालाही देता येतं. एक नियम मात्र पाळाच: मुख्य पदार्थ ज्याने केला त्याने भांडी घासायची नाहीत.

भेटवस्तूंचंही याच वेळी बोलून घ्या. द्यायच्या की नाही आणि किती रुपयांपर्यंत, हे स्पष्ट ठरलं की एकाने अंगठी आणली आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नाही, असा अवघड प्रसंग येत नाही. माझं मत विचाराल तर पैशांची वस्तू वाढदिवसाला ठेवा. या दिवशी एकेक पत्र लिहा, हाताने, एक पान. त्यात एक प्रसंग असा हवा जो समोरचा विसरला असेल पण तुम्हाला लख्ख आठवतो. "तू खूप छान आहेस" यापेक्षा "माझ्या बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री तू हॉस्पिटलच्या बाकावर बसून माझ्यासाठी डबा धरून ठेवला होतास" हे वाक्य कितीतरी खोल जातं.

बाजार: १२ किंवा १३ तारखेला

फुलांसाठी बर्डीवरचा (सीताबर्डी) नेताजी मार्केटचा फूलबाजार गाठा, आणि सकाळी जा. या आठवड्यात लाल गुलाबाचा भाव चढलेला असतो. तुम्हाला गुलाबच हवा असेल तर दोनच घ्या, घट्ट कळ्यांचे. बाकी घर निशिगंध आणि शेवंतीने भरा. निशिगंधाच्या पाचसहा काड्या संध्याकाळी एवढ्या दरवळतात की वेगळी सुगंधी मेणबत्ती लागत नाही. घरी आणल्यावर दांड्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून तिरकं कापा, पाण्याखाली येणारी पानं काढून टाका, पाणी रोज बदला. एवढं केलं की १३ तारखेची फुलं १४ च्या रात्री ताजी दिसतात. शहराबाहेरून येणं-जाणं असेल तर याच दिवसांत पळस फुलायला लागतो. झाडाखाली पडलेली केशरी फुलं ओंजळभर वेचून आणली आणि पितळी ताटात पाण्यावर सोडली, तर त्यासमोर गुलाब फिका वाटतो.

संत्र्यांचं आपलं नशीब चांगलं आहे. आंबिया बहाराची (आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुलणारी) संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीला संपतात आणि मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारी) फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणजे नेमकी आपल्या दिवसांत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सालीच्या रंगावर जाऊ नका. फळ हातात घेऊन बघा, आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. सहा संत्री पुरतात, चार बासुंदीला आणि दोन खायला. रस काढायचा असेल तर पिण्याच्या वेळीच काढा. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, आणि बिया चिरडल्या गेल्या तर आणखीच.

किराण्यात सुकं खोबरं, खसखस, दगडफूल आणि ताजं बेसन बघून घ्या. इतवारीत जाणं झालं तर उत्तम, नाहीतर कोपऱ्यावरचं दुकानही चालतं.

आदली रात्र: बासुंदी आणि वाटण

जेवणाचा बेत मी मुद्दाम पाटोडी रस्सा आणि संत्रा बासुंदी असा धरला आहे. घरच्या घरी पास्ता-पिझ्झा करता येतो, पण त्यासाठी चार वस्तू नव्या विकत घ्याव्या लागतात आणि चव बाहेरच्यासारखी येत नाही. पाटोडी रस्सा दोघांनी मिळून करण्यासारखा पदार्थ आहे, कारण त्यात दोन स्वतंत्र कामं शेवटी एका ताटात येतात. सावजी मटणाचा मोह होत असेल तर ते बाहेरून आणा. ते नीट शिजायला लागणारा वेळ या संध्याकाळीला परवडणारा नाही.

एकाने बासुंदी घ्यावी. एक लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवायचं, दर दोन-तीन मिनिटांनी तळापासून ढवळायचं, कडेची साय खरवडून आत घ्यायची. दूध अर्ध्यावर यायला पाऊण तास धरा. मग चार मोठे चमचे साखर, चिमूटभर वेलची, आणखी पाच मिनिटं, आणि गॅस बंद. आता महत्त्वाचं. संत्रं या दुधात गरम असताना गेलं की दूध फाटतं. बासुंदी आधी पूर्ण निवू द्या, मग फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. १४ च्या संध्याकाळी संत्र्याच्या फोडींची पांढरी पापुद्र्यासारखी साल आणि बिया काढून नुसता गर मोकळा करायचा, तोही फ्रिजमध्ये गार करायचा, आणि वाढण्याच्या अगदी आधी बासुंदीत हलक्या हाताने मिसळायचा. फोडी सोलण्याचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते दोघांनी समोरासमोर बसून करा. गप्पांना यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

दुसऱ्याने वाटण करावं. दोन मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलात गडद तांबूस होईपर्यंत परतायचे. पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस वेगळा भाजायचा, तो पटकन करपतो म्हणून मंद आच. मग दोन चमचे धणे, अर्धा चमचा जिरं, एक चमचा खसखस, पाचसहा मिरे, तीन लवंगा, इंचभर दालचिनी, एक तेजपान, चिमूटभर दगडफूल, सगळं सुगंध येईपर्यंत परतायचं. आठ पाकळ्या लसूण आणि इंचभर आलं यासोबत हे सगळं थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटायचं. वाटण जाडसर राहिलं तर रस्सा फुटल्यासारखा दिसतो. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये.

१४ तारीख: खोली

सगळं घर सजवायच्या फंदात पडू नका. एक कोपरा निवडा, तो रिकामा करा, तिथे गादी आणि चादर टाका. मध्ये चौरंग किंवा पाट. ट्यूबलाइट बंद, दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या आठ-दहा. पणतीत तेल कमी घाला, वात छोटी ठेवा, आणि पडद्यापासून हातभर दूर मांडा. फेब्रुवारीच्या मध्यात नागपुरात संध्याकाळी पंखा लागत नाही, तो बंदच ठेवा म्हणजे ज्योती शांत राहतात.

फोन कुठे राहणार, हेही ठरवा. गाण्यांसाठी एक फोन लागेल, तो विमानाच्या मोडवर. गाणी आधीच उतरवून ठेवा. दोघांनी आपापली सात-सात निवडायची, आळीपाळीने लावायची, आणि दुसऱ्याचं गाणं मध्येच बदलायचं नाही.

स्वयंपाक: साडेसात ते साडेआठ

साडेसातला आई-बाबांना वाढायचं असेल तर हाच वेळ एक तास अलीकडे घ्या. वाटण तयार असल्याने एकूण काम तासाभराचं.

एका गॅसवर रस्सा. चार मोठे चमचे फल्लीतेल (शेंगदाणा तेल) तापवा, त्यात वाटण टाका आणि कडेने तेल सुटेपर्यंत परता. दहा मिनिटं तरी लागतात, घाई करू नका, रस्स्याची चव याच दहा मिनिटांत ठरते. मग हळद, दोन चमचे तिखट, मीठ. तिखट टाकल्यावर अर्धा मिनिट परतून लगेच तीन वाट्या कडकडीत गरम पाणी. गार पाणी ओतलं तर वर तर्री, म्हणजे तरंगणारं लाल तेल, येत नाही. मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळू द्या.

दुसऱ्या गॅसवर पाटोडी, आणि ही दुसऱ्याकडे. एक वाटी बेसन दीड वाटी पाण्यात गुठळी न ठेवता कालवून घ्या. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा, हळद, मीठ. त्यात बेसन ओता आणि न थांबता हलवा. पाच-सहा मिनिटांत गोळा कढईची कड सोडायला लागतो. झाकण ठेवून तीन मिनिटं वाफ. तेलाचा हात लावलेल्या ताटात ओता, ओल्या वाटीच्या तळाने बोटाएवढ्या जाडीचं पसरा, वरून खोबऱ्याचा कीस, खसखस आणि बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) भुरभुरवा. निवलं की शंकरपाळ्यासारखं कापा. ओतणं आणि पसरणं यात मिनिटभराचाही उशीर चालत नाही, कारण बेसन लगेच घट्ट होतं. तेव्हा एकाने कढई धरावी, एकाने वाटी चालवावी.

पाटोड्या रस्स्यात उकळायच्या नाहीत. ताटात पाटोड्या मांडायच्या आणि वरून रस्सा वाढायचा. सोबत ज्वारीची भाकरी. दोघांनाही भाकरी थापता येत नसेल तर पोळ्या किंवा साधा भात. लिंबू आणि कांदा हवाच.

ताट एकच घ्या, मोठं. एका ताटात जेवायला नव्या लग्नानंतर कोणाला संकोच वाटत नाही. दहा वर्षांनंतर मात्र ते कधी झालं होतं हे आठवावं लागतं.

जेवणानंतर: चिठ्ठ्या आणि अष्टाचंगा

चिठ्ठ्यांसाठी प्रत्येकाने पाच प्रश्न लिहून डब्यात टाकायचे. प्रश्न असे हवेत की उत्तर हो-नाहीत संपणार नाही. सुरुवातीला हे घ्या: आपल्या घरातली कोणती गोष्ट तुला एकटीला किंवा एकट्याला करावी लागते असं वाटतं? माझ्या आईबाबांच्या कोणत्या वागण्याने तुला पहिल्यांदा आपलंसं वाटलं? गेल्या वर्षभरात मी केव्हा तुझं ऐकलं नाही? हाताशी एक रिकामा महिना आणि पुरेसे पैसे असतील तर आपण कुठे जाऊ? शेवटचा सोपा आहे, तिसरा अवघड. अवघड प्रश्नाला एक अट घाला: ऐकणाऱ्याने त्या रात्री स्पष्टीकरण द्यायचं नाही. नुसतं ऐकायचं. संध्याकाळ इथे बिघडू शकते आणि इथेच ती सगळ्यात मोलाची होऊ शकते, म्हणून पत्रं वाचून झाल्यावरच हा डबा उघडा.

मन जड झालं असेल तर अष्टाचंगा मांडा. फरशीवर खडूने पाच बाय पाचचे पंचवीस चौकोन आखा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यभागी फुली मारा, ती सुरक्षित घरं. दोन चिंचोके फोडून चार फाकी करा. पांढरी बाजू जेवढ्या फाकींची वर तेवढी घरं चाला. चारही पांढऱ्या म्हणजे चंगा, चार घरं. चारही काळ्या म्हणजे अष्टा, आठ घरं. दोन्हींवर पुन्हा टाकायला मिळतं. समोरासमोर बसा, चार-चार सोंगट्या घ्या, बाहेरच्या कडेने एक फेरा मारून आतल्या कडेने मध्यभागी पोचायचं. वाटेत दुसऱ्याची सोंगटी फुली नसलेल्या घरात सापडली तर मारायची. सोंगट्यांना एकाने शेंगदाणे घ्यावेत, एकाने काबुली चणे. पैज लावा: हरणाऱ्याने आठवडाभर सकाळचा चहा करायचा.

गच्ची

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, आणि याला एक रुपया लागत नाही. फ्लॅट स्कीममध्ये राहत असाल तर गच्चीची चावी दुपारीच घेऊन ठेवा. एक चटई, दोन शाली, कारण फेब्रुवारीत रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, आणि थर्मासमध्ये चहा. बासुंदीही तिथेच न्या. गच्चीवरचा दिवा बंद करा आणि दहा मिनिटं फोनकडे बघू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. त्या दिवशी चंद्र पौर्णिमेच्या जवळ आहे का, हे कॅलेंडरात बघून ठेवा. असेल तर तारे कमी दिसतील, चांदणं भरपूर मिळेल.

फेब्रुवारीच्या मध्यात आठच्या सुमारास मृग नक्षत्र दक्षिणेकडे तोंड केलं की डोक्याच्या जवळ येतं, आणि दहापर्यंत ते पश्चिमेकडे कललेलं असतं. मृगाच्या पोटातले एका रेषेतले तीन तारे पहिले शोधा. ती रेषा खाली डावीकडे वाढवली की आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा येतो, व्याध. तीच रेषा वर उजवीकडे नेली की तांबूस रोहिणी.

आता खेळ असा. प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला ठरावीक वर्षं घेतो, तेव्हा आपल्या आयुष्यातल्या वर्षाचा तारा शोधायचा. व्याधाचा प्रकाश सुमारे साडेआठ वर्षांपूर्वी निघालेला. लग्नाला आठ-नऊ वर्षं झाली असतील तर त्या आसपासचाच उजेड आज तुमच्या डोळ्यांत उतरतोय. अकरा-साडेअकरा वर्षं झाली असतील तर व्याधाच्या डावीकडे वर प्रश्वा बघा. वय चौतिशीच्या आसपास असेल तर पुनर्वसूमधला जास्त तेजस्वी तारा, त्याचा प्रकाश तुमच्या जन्माच्या सुमाराचा. त्रेचाळिशीवाल्यांसाठी उत्तरेला उंचावर ब्रह्महृदय. रोहिणी सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर आहे. घरात त्या वयाचे आई-बाबा असतील तर त्यांना जेवणानंतर पाच मिनिटं वर बोलवा आणि त्यांच्या जन्माचा उजेड दाखवा.

साडेदहानंतर उत्तर-पूर्वेकडे वळा. सप्तर्षी वर चढत असतात. त्याच्या शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, आणि त्याला अगदी चिकटून असलेला मंद ठिपका अरुंधती. लग्नात गुरुजी नवरानवरीला अरुंधती दाखवतात, पण मुहूर्त दुपारचा असला की नुसतीच मान वर होते. ज्यांच्या लग्नात हा विधी नव्हता, मग ते बौद्ध पद्धतीचं असो की नोंदणी, त्यांनाही ही जोडी बघायला काय हरकत आहे? शहराच्या मध्यात, महाल भागात किंवा बर्डीजवळ, उजेडामुळे अरुंधती सहज दिसत नाही. साधी दुर्बीण असेल तर लगेच दिसते. बेसा किंवा हिंगण्याकडे राहणाऱ्यांना नुसत्या डोळ्यांनीही जमू शकतं. दोघांनी एकमेकांना न सांगता शोधायचं, आणि ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याला बोट धरून दाखवायचं.

झोपायच्या आधी

पणत्या सगळ्या विझल्या का, हे एकाने फिरून बघावं. भांडी ठरलेल्या माणसाने, तीही फक्त खरकटी काढून पाण्यात ठेवायची, घासणं सकाळी. उरलेल्या पाटोड्या फ्रिजमध्ये टाका, त्या सकाळी तव्यावर तेल सोडून परतल्या की कुरकुरीत होतात.

रस्सा उरला असेल, आणि तो उरावा म्हणून मी तो आधीच एक वाटी जास्त करायला सांगेन, तर तोही फ्रिजमध्ये ठेवा आणि वाटीभर काळे चणे भिजत घाला. सकाळी चणे कुकरला मीठ घालून पाच-सहा शिट्ट्या होईपर्यंत शिजवा, उरलेल्या रस्स्यात टाकून एक उकळी काढा, हवं तर वरून थोड्या तेलात तिखट घालून ओता. पैज हरलेला चहा ठेवेल, दुसऱ्याने पोहे भिजवावे. तर्री पोहे घरातच तयार.